पिशवी बेतताना

(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषणाचा मजकूर)



संमेलनात भाषण करावे ते विद्वानांनी, आणि आमच्यासारख्या कातरीच्या माणसाने मागच्या रांगेत बसून ते ऐकावे, हा आजवरचा शिरस्ता. कार्यकारी मंडळाने यंदा तो मोडला आणि ‘बाजारची पिशवी’ ह्या विषयावर चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली. विषय जाहीर होताच काही तरुण मंडळींच्या मुखावर हसू उमटलेले आम्ही येथून पाहिले. त्यांचा आम्हांस राग नाही. पिशवी ही वस्तूच अशी आहे की, ती हातात असते तोवर तिची कोणी दखल घेत नाही. ती नसली म्हणजे मात्र आठवते, आणि तीही भाजीवाल्याने तराजूतली मेथी पुढे केल्यावर!

प्रथम एक कबुली देतो. दोन वर्षांपूर्वीच्या संमेलनात आपण प्रत्येक पाहुण्यास एक हिरवी पिशवी भेट दिली होती, हे आपणांस स्मरत असेल. तिच्या एका अंगास दोन तळहातांवर पेललेली पृथ्वी, पृथ्वीवर एक डेरेदार वृक्ष आणि त्याखाली ‘वसुंधरा वाचवा’ अशी अक्षरे होती. दुसऱ्या अंगास देणगीदारांची नामावली होती. ती पिशवी पसंत करणाऱ्या समितीत आम्हीही होतो. नमुना हाती आला तेव्हा आम्ही चित्र पाहिले, रंग पाहिला, भाव पाहिला. कापड मात्र पाहिले नाही. चाळीस वर्षे कापड हाताळणाऱ्या माणसाकडून हे व्हावे, ही लाजेची गोष्ट खरीच.

संमेलन आटोपल्यावर सायंकाळी आम्ही एस. टी. स्थानकावर उभे होतो. आपल्यातील एका वयोवृद्ध आत्याबाईंच्या हातातील त्या पिशवीचा बंद अकस्मात निसटला आणि आतील स्मरणिका, पाण्याचा तांब्या आणि नातवंडांसाठी घेतलेले लाडू फलाटावर पसरले. आम्ही धावत जाऊन सारे गोळा केले. आत्याबाई रागावल्या नाहीत. त्यांनी तो निसटलेला बंद डोळ्यांजवळ नेऊन निरखला आणि म्हणाल्या, “अरे, शिंप्यांच्या संमेलनातली पिशवी, आणि हिला एकही टाका नाही होय?”

हे वाक्य ऐकून आम्हांस त्या रात्री नीट झोप आली नाही. घरी येताच आम्ही ती पिशवी दिव्याखाली धरली. आत्याबाईंचे म्हणणे अक्षरशः खरे होते. बंद शिवलेला नव्हता, उष्णतेने डकवलेला होता. कापडास उभे धागे नव्हते, आडवे धागेही नव्हते. सर्व पृष्ठभागावर बारीक ठिपक्यांची जाळी दाबलेली तेवढी दिसत होती. कोपऱ्याची चिंधी कापून ज्योतीवर धरली. सुती कापड कागदासारखे जळते आणि मागे मऊ राख राहते. ही चिंधी आकसली, वितळली, मेणबत्तीसारखा वास सुटला आणि शेवटी चिमट्याच्या टोकास एक कठीण मणी उरला. ह्यास बाजारात सरसकट कापडी पिशवी म्हणतात. परंतु ते कापड नव्हे. ते पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकच. त्याचे तंतू विणलेले नसतात, पसरून व दाबून एकत्र केलेले असतात. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांतही ह्या न विणलेल्या मालाची गणना प्लास्टिकच्या पिशव्यांतच केलेली असून त्याचे वजन दर चौरस मीटरला किमान ६० ग्रॅम असावे, अशी अट घातली आहे. ही पिशवी बराच काळ उन्हात टांगून पाहावी. ती ठिसूळ होते आणि तिचा चुरा बोटांना लागतो. ‘वसुंधरा वाचवा’ ही अक्षरे त्या चुऱ्यावरच छापलेली असतात!

येथे थोडे मागे जाणे प्राप्त आहे. आपल्या लहानपणी घरातील पिशवी विकत आणण्याची वस्तू नव्हती. वडिलांची विजार गुडघ्यांत विरली की तिच्या पायांची थैली होई. थैली फाटली की तिचे पोतेरे होई. वाण्याकडे साखर, डाळ कागदाच्या पुड्यांत बांधून मिळे, तेलास घरची किटली असे, आणि पानतंबाखूस कंबरेची चंची. पडशी, झोळी, बटवा, कसा, खलिता, थैली अशी किती नावे आपल्या भाषेत आहेत, आणि त्यांतील प्रत्येकाचा आकार व उपयोग निराळा आहे! ही सारी नावे सुईदोऱ्यामुळे जन्मास आली, हे सांगताना आम्हांस थोडा ज्ञात्यभिमान वाटला तर तो क्षम्य मानावा.

आणि आज ज्या पिशवीस आपण सारे दोष देतो ती तरी मुळात कशासाठी निर्माण झाली? स्टेन गुस्ताफ थूलिन नावाच्या स्वीडिश अभियंत्याने प्लास्टिकच्या एकाच नळीपासून, घडी घालून, डकवून व कापून, दोन बंदांची पातळ पिशवी तयार केली. तिचे पेटंट १९६५ चे आहे. आम्ही बेतकाम करणारे लोक; म्हणून त्या बेताचे कौतुक केल्यावाचून आम्हांस राहवत नाही. वाया जाणारा भाग अत्यल्प, जोड अत्यल्प, वजन नगण्य, आणि पेलण्याची शक्ती विलक्षण! कागदी पिशव्यांपायी होणारी वृक्षतोड वाचावी, हा त्यामागील हेतू होता आणि लोक ती घडी घालून खिशात बाळगतील व पुनःपुन्हा वापरतील अशी त्याची कल्पना होती, असे त्याच्या मुलाने पुढे सांगितले आहे. लोकांनी ती एकदा वापरून फेकली. बेत चुकला नव्हता. वस्तू फुकट मिळू लागल्याने माणसाचा हात सैल सुटला.

त्याचे परिणाम आपण पाहिले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मुंबई बुडाली. एवढ्या पावसास कोणतीही गटारे पुरी पडली नसती. तथापि जी होती त्यांच्या तोंडाशी प्लास्टिकच्या पिशव्यांचे बोळे बसले होते, ही गोष्ट त्या वेळी सर्वांच्या डोळ्यांवर आली. पुढे महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी बंदीची अधिसूचना काढली, आणि तीन महिन्यांची मुदत संपताच २३ जूनपासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्या अपराधास ५,००० रुपये दंड ठरला. त्या आठवड्यात आमच्या दुकानी पिशव्या शिवून घेण्यास रांग लागली होती. आम्ही रात्री अकरापर्यंत यंत्र चालवीत असू. दिवाळीपर्यंत रांग ओसरली आणि भाजीवाल्याच्या गाडीखालून पातळ पिशव्या पुन्हा डोकावू लागल्या. केंद्राने ३१ डिसेंबर २०२२ पासून पिशवीची जाडी किमान १२० मायक्रॉन असावी असा नियम केला. बाजारात उभे राहून ती जाडी मोजणार कोण?

तेव्हा संस्थेतर्फे पुन्हा पिशवी द्यावयाची झाल्यास ती खऱ्या सुताची असावी, आणि ती आपल्याच लोकांनी बेतावी व शिवावी, असा प्रस्ताव आम्ही मंडळापुढे मांडला. प्रस्ताव मंजूर झाला व काम आमच्याच गळ्यात पडले. आम्हांस वाटले, पिशवी ती काय शिवायची! दोन बाजू आणि दोन बंद. मंडळातील एका अभियंता बंधूंनी मात्र एक प्रश्न विचारून आमची घमेंड उतरवली. “सुती पिशवी प्लास्टिकपेक्षा बरी, हे आपण कशावरून म्हणता?”

हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. त्यांनी दोन परदेशी अहवालांतील आकडे आणले होते. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली असा हिशेब मांडला की, कापूस पिकवणे, सूत काढणे, विणणे ह्या सर्वांत हवेला जी झळ पोहोचते ती लक्षात घेता, एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीची बरोबरी करण्यास सुती पिशवी १३१ वेळा वापरली गेली पाहिजे. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली, त्यांच्याकडील जाड पिशवीशी तुलना करून, केवळ हवामानापुरता तो आकडा ५२ दिला. परंतु ओझोनच्या थरावरील परिणामासह सर्वच बाबी धरल्यास तो ७,१०० वर गेला. ७,१०० वेळा म्हणजे रोज एकदा बाजारात गेल्यास एकोणीस वर्षांहून अधिक!

ह्या हिशेबांत गटारात तुंबलेल्या किंवा गाईच्या पोटात गेलेल्या पिशवीची झळ मोजलेली नाही, आणि आपल्या गावांत खरे दुखणे तेच आहे. म्हणून ७,१०० हा आकडा ऐकून हातपाय गाळण्याचे कारण नाही. परंतु त्यातील मर्म आम्हांस तत्काळ पटले. कापूस काही आकाशातून पडत नाही. विदर्भातील शेतकरी पावसाच्या भरवशावर तो पिकवतो. त्यास खत लागते, फवारणी लागते. मग गिरणीची वीज, धुलाई, विरंजन. एवढे सारे खर्ची घालून केलेली पिशवी दोनदा वापरून कपाटात गेली, तर ती प्लास्टिकहून अधिक पापी ठरते. तेव्हा पिशवीचे पुण्य तिच्या कापडात नाही आणि तिच्यावर छापलेल्या झाडातही नाही. ती किती वेळा घराबाहेर पडली, ह्यात आहे. हे एकदा ध्यानी आल्यावर बेताचा प्रश्नच पालटला. पिशवी सुंदर कशी दिसेल, हा प्रश्न राहिला नाही. ती माणसाच्या हाताला सुटू नये अशी कशी होईल, हा प्रश्न झाला.

आमचा पहिला नमुना सपशेल फसला. तो आम्ही मोठ्या हौसेने केला होता. पांढरेशुभ्र जाड कापड, उंची अठरा इंच, खांद्यास अडकवता यावेत म्हणून लांब बंद आणि मधोमध मोठा रंगीत वटवृक्ष. दहा घरी दहा पिशव्या वापरण्यास दिल्या. महिन्याने चौकशीस गेलो तो चार घरी त्या कपाटातून काढून दाखवल्या, घडीसुद्धा मोडलेली नाही! एका वहिनींनी सांगितले, “भावजी, इतकी छान पिशवी भाजीला नेऊन मळवायची का? मी लग्नकार्याला नेईन म्हणून ठेवली आहे.” आत्याबाईंकडे गेलो. त्यांची उंची बेताची. त्यांनी पिशवी हातात धरून उभे राहून दाखवले. तळ जमिनीस टेकत होता. “खांद्याला लाव म्हणतोस, तर माझा पदर कोण सावरणार?” असे त्यांनी विचारले. ह्यास आमच्याकडे उत्तर नव्हते. तिसऱ्या एका घरी वटवृक्षाच्या जाड रंगास धुण्यात भेगा पडून तो पोपडे धरू लागला होता. आम्ही दहाही पिशव्यांची निंदा ऐकून घरी परतलो. गिऱ्हाईक माप देताना पोट आत ओढून घेते आणि कपडा तंग झाला म्हणून शिंप्यास बोल लावते, असे आम्ही नेहमी म्हणतो. येथे मात्र मापच घेतले नव्हते.

दुसऱ्या खेपेस आम्ही शनिवारच्या बाजारात जाऊन दोन तास नुसते उभे राहिलो आणि माणसे पिशवी कशी धरतात ते पाहिले. बहुतेक जण ती हातातच धरतात. सायकलीस किंवा दुचाकीच्या आकड्यास अडकवतात. भाजी घेताना दोन्ही बंद एका मनगटावर घालून पिशवीचे तोंड उघडे धरतात. खाली बटाटे, वर टोमॅटो, आणि सर्वांत वर ओली कोथिंबीर. पाच किलोंहून अधिक ओझे एका हातात कोणी फारसे घेत नाही. हे पाहिल्यावर मापे आपोआप ठरली. उंची पंधरा इंच, रुंदी तेरा, तळ चार इंच, आणि हातात मावेल एवढाच बंद.

आता येथे बसलेल्या कातरीच्या मंडळींसाठी बेत थोडा तपशिलाने सांगतो. इतरांनी क्षणभर कंटाळा सोसावा. कापड इचलकरंजीच्या यंत्रमागावरचे, न विरंजलेले मांजरपाट घेतले. कोरे मांजरपाट हातभर लांबीस बोटभर आटते; म्हणून ते रात्रभर पाण्यात ठेवून, खळ काढून, वाळवून मगच कापावयाचे. हा कंटाळा केला तर पहिल्या धुण्यातच पिशवीचा आकार बिघडतो. धुतल्यावर ३६ इंच पन्हा उरेल असे कापड असावे. त्यातून १८ इंच रुंद व ३७ इंच लांब असे दोन पट्टे निघतात. एका पट्ट्याची एक पिशवी. पुढची बाजू, तळ आणि मागची बाजू अखंड, म्हणजे ओझ्याखाली तळाशी जोडच येत नाही. सदतीस इंचांत दोन बाजूंचे तीस, तळाचे चार आणि तोंडाच्या दोन दुमडींचे तीन. उरलेल्या कापडातून चार इंच रुंदीच्या दोन आडव्या पट्ट्या काढून त्या मध्ये कापल्या की अठरा-अठरा इंचांचे चार बंद होतात. एकूण लांबी पंचेचाळीस इंच, म्हणजे बरोबर सव्वा वार. सव्वा वारात दोन पिशव्या, आणि जमिनीवर एक चिंधी नाही! हा हिशेब जुळला त्या रात्री आम्ही दुकानात एकटेच मोठ्याने हसलो.

बंदाची पट्टी चौपदरी दुमडून एक इंचाची करावी. पट्टी दुपदरी ठेवली तर बचत होते, पण ओझे बोटांत रुतते आणि माणूस दुसऱ्या दिवशी पिशवी घरी विसरतो. बंदाची टोके अडीच-अडीच इंच खाली घेऊन, तोंडाच्या दुमडीतून नेऊन, चौकट मारून तीत फुली घालावी. बाजूंची शिलाई दुहेरी: प्रथम सुलट बाजूने पाव इंचावर, मग उलटून पुन्हा पाव इंचावर, म्हणजे कापडाची कच्ची कड आत कायमची बंद होते. तयार पिशवीत दहा किलो ज्वारी भरून ती आम्ही रात्रभर खुंटीस टांगून ठेवली. सकाळी खुंटी वाकली होती. बंद तसाच होता. वजन म्हणाल तर पिशवी शंभर ग्रॅमच्या आसपास भरते.

डागांचा प्रश्न उरला होता, कारण मळलेली पिशवी नेण्यास माणूस लाजतो. तो आमच्या सौभाग्यवतींनी सोडवला. तळास बाहेरून जुन्या पँटीच्या गडद कापडाचे ठिगळ आधीच लावावे, असे त्यांनी सुचवले. पिशवी झिजते ती तळाशी आणि मळतेही तळाशी. तेव्हा दोन्ही कामे एका ठिगळाने झाली. नवी वस्तू ठिगळासह द्यावी, हे आम्हांस प्रथम अपमानास्पद वाटले होते. आतील छोटा कसा शर्टांच्या कातरणांचा केला. त्यात घराची किल्ली व सुटे पैसे राहतात आणि रिकामी पिशवी त्यातच उलटवून, चंचीप्रमाणे गुंडाळून, दुचाकीच्या डिकीत किंवा पर्समध्ये ठेवता येते. पिशवी घरच्या खुंटीवर राहते आणि माणूस कचेरीतून परस्पर बाजारात जातो, हीच तर बहुतेकांची अडचण असते. शंभर वटवृक्षांपेक्षा ह्या कशाचा उपयोग अधिक झाला असे आमचे मत आहे.

चित्राविषयी मंडळात बरीच हमरीतुमरी झाली. पृथ्वी हवी, शेकरू हवा, तामणाचे फूल हवे, अशा सूचना आल्या. शेवटी कोपऱ्यात दोन इंचांचा एकच ठसा ठरला: कापसाचे बोंड. जे ह्या पिशवीसाठी खर्ची पडले तेच तिच्यावर असावे. ठशाचा काळा रंग आपल्या जुन्या छिपे मंडळींच्या रीतीने केला: लोखंडाचे तुकडे गुळाच्या पाण्यात आंबवून काढलेला रस, आणि कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढलेले. हिरड्याने कापडास पिवळसर मळखाऊ छटा येते, हा आणखी एक लाभ. लोखंडाचा रस जाड झाला तर कापड त्या जागी कालांतराने जळते. म्हणून ठसा लहानच बरा.

मग देणगीदारांच्या नावांचा प्रश्न. नावे छापली नाहीत तर देणग्या येणार नाहीत, असे कोषाध्यक्षांचे म्हणणे. आम्ही विचारले, दुसऱ्याची नामावली खांद्यावर घेऊन स्वतःच्या पैशांची वांगी आणण्यास कोण जाईल? नावे पिशवीवरून उतरून ह्या स्मरणिकेच्या पानांवर आली. दोघा देणगीदारांनी रक्कम निम्मी केली, हेही सांगितले पाहिजे.

सर्वांत कठीण प्रकरण शिलाईचे. एवढी पिशवी नीट शिवण्यास सरावलेल्या हातासही पाऊण तास लागतो. हिशेब मांडला तेव्हा आपल्या एका पिशवीच्या पैशांत त्या हिरव्या पाच पिशव्या येत होत्या. त्यावर एका सभासदांनी तोड काढली की, आपल्या भगिनी घरी शिवणकाम करतातच. त्यांनी ज्ञातिसेवा म्हणून ह्या पिशव्या विनामूल्य शिवाव्यात. सभेत क्षणभर शांतता झाली. मग महिला शाखेतील एक भगिनी, ज्यांचा संसार गेली कित्येक वर्षे परकर-पोलक्यांच्या शिलाईवर चालला आहे, उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “सेवाच करायची तर मंडपवाल्यालाही करायला सांगा, आचाऱ्यालाही सांगा. आमचीच सुई तेवढी फुकट का?”

ह्या प्रश्नाने आमचीही मान खाली गेली. कारण ती सूचना ऐकताना आमच्या मनात ‘ठीकच आहे’ असे येऊन गेले होते. तयार कपड्यांच्या दुकानांनी आपला धंदा खाल्ला म्हणून आपण दर वर्षी ह्याच व्यासपीठावरून हळहळतो. आपल्यातील पुष्कळ कुटुंबांची मुले आज वैद्यक, अध्यापन, संगणक अशा क्षेत्रांत गेली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण जी घरे अद्याप सुईवर जगतात त्यांच्या टाक्याला आपणच मोल देत नसू, तर दुकानदाराने ते का द्यावे? अखेर दर प्रथम ठरला, आणि त्या दरात जेवढ्या पिशव्या बसतील तेवढ्याच करावयाच्या असे ठरले. माणशी पिशवी बंद झाली, कुटुंबास एक. ज्यांच्या घरी चांगली पिशवी आहे त्यांनी नवी घेऊ नये, अशी विनंतीही केली. ती विनंती किती जणांनी मानली, ते येथे न सांगणे बरे!

जुन्या कापडाविषयी एक शब्द सांगितला पाहिजे. परदेशी अहवालांतील आकडे नव्या कापसाचे आहेत. जी चादर, जो पडदा, जी पँट आपला एक जन्म भोगून चुकली, तिची पिशवी केली तर शेताचे आणि गिरणीचे ओझे तिच्या माथी पुन्हा पडत नाही. म्हणून पुढील वर्षी मांजरपाट विकत घेऊच नये, घरोघरीचे जुने जाड कापड गोळा करून शिलाई तेवढी द्यावी, असे आमचे मत आहे. नऊवारी लुगडे मात्र ह्या कामी घेऊ नये. ते विरून मऊ झालेले असते. त्याची गोधडी उत्तम होते, पिशवी होत नाही.

गेल्या वर्षीच्या संमेलनात ह्या पिशव्या दिल्या गेल्या. आज सकाळी आम्ही मुद्दाम प्रवेशद्वाराशी उभे राहून येणाऱ्यांच्या हातांकडे पाहत होतो. निम्म्याहून कमी कुटुंबांच्या हाती ती पिशवी दिसली. उरलेल्या कोठे आहेत, हे विचारण्याचे धैर्य झाले नाही. कदाचित बेतात अद्याप काही उणे असेल. ते कोणी सांगितले तर आम्ही उपकार मानू. तरुण भगिनींची लांब बंदाची मागणी कायम आहे, आणि तिचा विचार करावा लागेल असे दिसते.

ही पाहा, आत्याबाईंची पिशवी. त्यांनी ती मला येथे दाखवण्यापुरती दिली आहे. सायंकाळी परत करावयाची आहे. हिच्या तोंडाच्या दुमडीवर आतून तांबड्या दोऱ्याचे बारीक टाके आहेत. दहा बाजार झाले की त्या एक टाका घालतात. असे अकरा टाके आहेत. एक बंद मध्यंतरी उसवला होता, तो त्यांनी स्वतःच हातशिलाईने बसवला आहे, आणि ती शिलाई आमच्या यंत्राच्या टिपेहून सरस आहे.

बेताचे कागदी नमुने कचेरीच्या मेजावर ठेवले आहेत. ज्यांस हवे त्यांनी न्यावेत. कोणाच्या पिशवीचा बंद गेला असेल किंवा तळ विरला असेल, तर ती आमच्या दुकानी आणून द्यावी. दुरुस्तीचे पैसे आम्ही घेणार नाही. तो आमचा स्वतःचा हट्ट आहे, संस्थेचा ठराव नव्हे. भोजनाची वेळ झाली आहे आणि आचाऱ्यांनी दोनदा खूण केली आहे.